कसे गेले, ते विचारायचं असतं

मार्गारेट टीचरांचं इंग्रजी वाईट होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर सगळ्यांनी त्या इंग्रजीवरच फोडलं, आणि ते बिचारं त्यात निर्दोष होतं.

वाईट म्हणजे किती? क्रियापदाचा पत्ता नाही, काळाचा मेळ नाही, आणि प्रश्न विचारताना शब्द मागेपुढे करायचे असतात हे त्यांना वाक्य लिहून झाल्यावर आठवायचं. पण भीड म्हणून नव्हती. वसईजवळच्या गासमधल्या मराठी शाळेत गणित आणि भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "उत्तर चुकलं तर चुकू दे, पण मान वर करून सांग," हे त्यांनी इतक्या पोरांना सांगितलं होतं, की स्वतःला वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

शिवाय त्यांच्यासाठी इंग्रजीच्या आधी मराठीच परकी होती. घरात सामवेदी बोली. पहिलीत असताना बाहेरगावाहून आलेल्या एका बाईंनी छोट्या मार्गारेटला बाकावर उभं केलं आणि तिच्या बोलीतलं एक वाक्य सगळ्या वर्गाला पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. वर्ग हसला. वर्गातली निम्मी पोरं घरी तेच वाक्य तसंच बोलणारी, तीही हसली. घरी येऊन मार्गारेट रडली नाही. ती विचार करत बसली, की पास्कोलचा पोरगा कशाला हसला? त्याची आई तर माझ्या आईपेक्षा जोरात बोलते. तेव्हापासून भाषेवरून हसणाऱ्यांचा धाक त्यांना कधी वाटलाच नाही. हसणाऱ्याला भाषा येत असतेच असं नाही, एवढं त्यांनी पक्कं ओळखून ठेवलं.

निवृत्तीनंतर टीचरांनी क्रोशाची सुई हातात घेतली. गावच्या चर्चमधल्या वेदीच्या कापडांना लेस लावायची, कोणाच्या नातीच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकला कॉलर करून द्यायची, असं चाललं होतं. त्यांचे यजमान प्लासिड दिवसभर वाडीत, केळी आणि फुलझाडांत. मुलगी ब्रेंडा मालाडच्या एका कॉल सेंटरात. तिथे सगळ्यांना अमेरिकन नावं घ्यावी लागत. तिच्याबरोबरची संपदा तिथे 'सॅम' झाली होती. ब्रेंडाला मात्र ब्रेंडाच राहू दिलं, तेवढीच पोर्तुगीजांची कृपा. दोन हजार चारच्या सुमारास ब्रेंडाने घरी कॉम्प्युटर आणला, आईला मेसेज लिहायला आणि पाठवायला शिकवलं, आणि जगभरच्या क्रोशा करणाऱ्या बायकांचा एक गट शोधून त्यात तिचं नाव घालून दिलं. मुलीला वाटलं, आई नवे नमुने बघत बसेल. आई गप्पा मारायला बसली.

आणि का बसू नये? नकाशावरच्या ज्या गावांवर जन्मभर पट्टी टेकवून "इथे गहू पिकतो, इथे लोकर होते" असं सांगितलं, त्या गावांतल्या बायका आता स्वतःहून 'हॅलो मार्गारेट' म्हणू लागल्या होत्या. हिल्का नावाची एक फिनलंडची बाई होती. ती प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला आपल्या इंग्रजीबद्दल माफी मागायची आणि मग ब्रेंडालाही जमणार नाही असं सुरेख इंग्रजी लिहायची. ज्युडिथ नावाची एक इंग्लंडची बाई चुका काढायची, तेही प्रेमाने, सर्वांदेखत. टीचरांनी मेसेज टाकला, की खाली ज्युडिथ तो धुऊन इस्त्री करून पुन्हा लिहून ठेवायची. आणखी काही जणी होत्या. त्या लिहायच्या, 'मार्गारेट, तुझं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा पुष्कळच चांगलं आहे!' हे वाचून टीचर प्लासिडना म्हणाल्या, "हिची मराठी शून्य. शून्यापेक्षा पुष्कळ चांगलं म्हणजे किती, हे गणिताच्या बाईला सांगू नये."

"तूही सुरुवातीला सॉरी लिहीत जा ना मम्मी," ब्रेंडा म्हणायची. "सगळे लिहितात. बरं दिसतं."

"चूक केल्यावर लिहीन. बोलणं ही काय चूक आहे?"

(हे बोलणं खरं तर घरच्या बोलीत झालं. पण ती बोली कागदावर उतरवायला जावं, तर गासची माणसं चुका काढायला दारात येतील, म्हणून ते साध्या मराठीत सांगितलेलं बरं.)

या सगळ्यांत एक आयलीन होती. कॅनडाच्या अगदी पूर्वेला, समुद्राकाठच्या एका गावात राहणारी, टीचरांच्याच वयाची. नवरा वॉल्टर, बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारा झालेला. आयलीन टीचरांच्या इंग्रजीविषयी कधी अवाक्षर बोलली नाही. चुका काढल्या नाहीत आणि कौतुकही केलं नाही. विचारलं त्याचं उत्तर द्यायची आणि स्वतःचं चार ओळी जास्त सांगायची. वॉल्टर चहावरून कसा कुरकुरतो, मांजर लोकरीच्या गुंड्यावर कसं झोपतं, समुद्रावरून धुकं आलं की शेजारचं घर कसं दिसेनासं होतं. टीचर तिला गटावरच केळीवरच्या रोगाचं सांगायच्या, प्लासिडच्या गुडघ्याचं सांगायच्या, मुलगी लग्नाचं नाव काढत नाही हेही सांगायच्या. दोघींना एकमेकींच्या घरातलं सगळं ठाऊक झालं. गटातल्या बाकीच्या बायका ओळखीच्या होत्या, आयलीन मैत्रीण होती.

एके दिवशी गट चालवणाऱ्या कॅरलने सगळ्यांना कळवलं, की आयलीनचा वॉल्टर वारला.

टीचरांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग खालचे मेसेज वाचत गेल्या. 'तुझ्या दुःखात सहभागी आहोत.' 'तुझ्या दुःखात सहभागी आहोत, मिठी.' 'शब्द सुचत नाहीत.' असे पन्नासेक. शब्द सुचत नाहीत हे सांगायलासुद्धा सगळ्यांना तेच शब्द सुचले होते. प्रत्येकीने दारात फूल ठेवून मागच्या पावली निघून जावं, तसं ते टीचरांना वाटलं.

आता आपल्याकडे समाचाराला कसं जातात ते कोणाला सांगायला नको, पण तिकडच्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून सांगावं लागतं. टीचरांचे थोरले दीर जॅक्सन वाडीत केळीचा घड उतरवताना चक्कर येऊन पडले आणि तिथेच संपले, तेव्हा आठवडाभर घरात माणूस मावत नव्हतं. येणारा प्रत्येक जण टेकायचा, पाणी प्यायचा आणि त्यांच्या बायकोला, कॅथरिनबायला, विचारायचा, "कसं झालं गं बाय?" आणि कॅथरिनबाय पहिल्यापासून सांगायची. सकाळी चहा घेतला, पेजेला नको म्हणाले, टोपी विसरले म्हणून मागे फिरले, मग हाक आली. नात्यातल्यांना सांगितलं, फादरना सांगितलं, नालासोपाऱ्याहून आलेल्या फुलवाल्याला सांगितलं. पहिल्या दिवशी तिला टोपीच्या पुढे जाताच येत नव्हतं. आठवड्याच्या शेवटी ती हाकेपर्यंत पोचली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "असं झालं बघ." त्यानंतर ती जेवली. जो विचारत नाही, नुसता हात जोडून उठतो, त्याच्याविषयी मागे बोललं जातं, की आला कशाला होता?

तर टीचर समाचाराला बसल्या. गासहून कॅनडाला जाता येत नाही, म्हणून खुर्चीतच बसल्या, आणि लिहिलं:

'आयलीन, वॉल्टर कसा गेला? आजारी होता की एकदम? सकाळी की संध्याकाळी? त्या दिवशी त्याने काय खाल्लं? शेवटी काय बोलला? जवळ कोण बसलं होतं? मला सगळं सांग. पहिल्यापासून सांग. घाई नाही, मी बसले आहे.'

मराठीत वाचताना आपल्याला यात काही खटकत नाही. इंग्रजीत, तेही टीचरांच्या इंग्रजीत, हे प्रश्न पोलिसाने टेबलावर हात आपटून विचारावेत तसे एकाखाली एक उभे राहिले. टीचरांनी बटण दाबलं, आणि तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली. वीज गेली ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेंडा शिफ्ट संपवून घरी आली, तेव्हा आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. हात मांडीवर, तोंड उतरलेलं.

"हे काय म्हणतायत बघ गं जरा."

ब्रेंडाने उभ्या उभ्याच वाचलं. ज्युडिथने लिहिलं होतं, की इतका निर्दय मेसेज तिने आयुष्यात वाचला नाही, आणि या वेळी तो दुरुस्त करून लिहिण्याचीही तिची इच्छा नाही. दुसऱ्या एकीने विचारलं होतं, की दुसऱ्याच्या मरणाचा तमाशा बघायला इथे येता का. टीचरांची बाजू घेणाऱ्याही होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच जास्त दुखवलं. 'तिला इंग्रजी येत नाही हो, आपण काय लिहितोय हे तिला कळत नसणार.' 'बिचारीला म्हणायचं काहीतरी वेगळंच असेल.' हिल्काने लिहिलं होतं, की परक्या भाषेत माणसाच्या हातून काहीही होतं, म्हणून तर ती नेहमी आधीच माफी मागते. कॅरलने मेसेज काढून टाकला होता आणि टीचरांना कळवलं होतं, की इंग्रजी ही तुमची भाषा नाही हे आम्ही समजतो. गटावर दोन शब्दांत तसं लिहून माफी मागा, विषय संपेल. तोवर तुम्हाला गटावर लिहिता येणार नाही.

"मम्मी! असं विचारतात का कोणी?"

"मग कसं विचारतात?"

"विचारतच नाहीत! सॉरी म्हणतात आणि एकटं सोडतात. त्याला प्रायव्हसी म्हणतात."

"एकटं सोडतात," टीचर म्हणाल्या. त्यांनी ते शब्द नुसते पुन्हा उच्चारले. आणि मग ज्या गोष्टीने सकाळपासून त्यांच्या घशाखाली चहा उतरला नव्हता ती विचारली. "आयलीनने वाचलं असेल का गं? तिला लागलं असेल का?"

ते ब्रेंडाला कुठून माहीत असणार? तिने पर्स टाकली, आईला उठवलं, आणि दहा मिनिटांत एक माफीपत्र लिहून काढलं. फारच छान उतरलं होतं ते. माझ्या शब्दांनी कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मनापासून दिलगीर आहे, इंग्रजी माझी मातृभाषा नसल्यामुळे माझा आशय चुकीचा पोचला, तसं म्हणण्याचा माझा हेतू नव्हता. रोज रात्री दुसऱ्या देशातल्या लोकांची क्षमा मागून तिचा हात त्यात इतका बसला होता, की एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

टीचरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मुलीच्या इंग्रजीचा त्यांना अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं.

"छान लिहिलंस. पण यात म्हटलंय, मला तसं म्हणायचं नव्हतं. मला तसंच म्हणायचं होतं."

"मम्मी, काय फरक पडतो? मी रोज सॉरी म्हणते. माझी काही चूक नसताना म्हणते. माझं पहिलं वाक्य ऐकून लोक म्हणतात, इंग्लिश येणारं कोणीतरी द्या. मी त्यांनाही सॉरी म्हणते. काय झिजतं त्याने?"

"तुझं काहीतरी झिजतंय," टीचर म्हणाल्या. "मला दिसतं ते."

ब्रेंडाचे डोळे एकदम भरले. रात्रभराची जागी पोर. ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. टीचर तशाच बसून राहिल्या. त्या पत्राखाली नुसतं आपलं नाव घालायचं, बास. गट परत मिळणार, ज्युडिथ पुन्हा इस्त्री करणार, सगळं सुरळीत. इंग्रजीवर ढकललं की कोणाचंच काही जात नव्हतं. फक्त उद्या आयलीनने ते वाचलं असतं, तर तिला कळलं असतं, की मार्गारेटनेही तिला काही विचारलं नव्हतं.

दुपारी त्या शेजारी कॅथरिनबायकडे गेल्या. कॅथरिनबाय ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिला कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मरण म्हणजे काय ते माहीत होतं. टीचरांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे एवढ्या बायका जमल्या आणि एकीनेही विचारलं नाही?" कॅथरिनबाय म्हणाली.

"नाही."

"मग ती सांगणार कोणाला?"

"तिकडे विचारलेलं आवडत नाही म्हणतात. टोचतं."

"टोचतं तर! मला काय टोचलं नसेल? कोण कोण काय काय विचारून गेलं. एकाने तर विचारलं, विमा होता का." कॅथरिनबायने एक काळी पडलेली कळी बाजूला टाकली. "पण काट्यानेच काटा निघतो, मार्गारेट. आणि नाही निघाला, तर तू तिची माफी माग. त्या बाकीच्यांची कशाला?"

हे बोलणं टीचरांना पटलं. घरी येऊन त्यांनी ब्रेंडाचं पत्र पुसून टाकलं आणि आपल्या हाताने, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कॅरलला लिहिलं. त्याचा अर्थ असा होता: 'माझं इंग्रजी वाईट आहे, हे खरं. पण हे इंग्रजीमुळे झालेलं नाही. मी जे विचारलं ते समजून विचारलं. आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांना कसा गेला ते विचारतात, आणि ते सांगतात, आणि आम्ही ऐकतो. न विचारणं आमच्यात वाईट. तुमच्यात विचारणं वाईट असेल, तर तुमच्या गटाचा नियम मी मोडला. आयलीनला लागलं असेल तर मी आयलीनची माफी मागते, तुमची नाही. हे तिला द्या.' खाली पूर्ण नाव, गास, तालुका वसई, आणि घरचा फोन नंबर.

कॅरलचं उत्तर लगेच आलं. थंड होतं, पण त्यात तिरकस काही नव्हतं. तुमचं पत्र आयलीनला पाठवलं आहे, पुढचं तिच्यावर, गटाचं दार तुम्हाला उघडं आहे. टीचर त्या दारातून पुन्हा आत गेल्या नाहीत. कशाला जाणार? तिथे आता त्यांच्याकडे सगळ्या 'हिला इंग्रजी येत नाही' नाहीतर 'हिला माणुसकी येत नाही', अशा दोनच नजरांनी पाहणार होत्या, आणि पहिली नजर दुसरीपेक्षा बरी असं त्यांना वाटेना.

आयलीनकडून काही आलं नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. टीचर सकाळी उठल्या की आधी कॉम्प्युटर लावायच्या, मग चूल. मग कॉम्प्युटर लावणंही कमी झालं. वेदीच्या कापडाची लेस पिशवीत गुंडाळून ठेवली ती बाहेर निघाली नाही. चर्चमधल्या बायकांनी विचारलं, तर डोळ्यांचं कारण सांगितलं. प्लासिडना कारण ठाऊक होतं. ते एकदा म्हणाले, "अगं, जिला कधी पाहिलं नाहीस तिच्यासाठी एवढं?" टीचर त्यांच्यावर कडाडल्या, की देवालाही पाहिलेलं नाही, मग रविवारी कशाला कोट घालून जाता? प्लासिड वाडीत निघून गेले. कडाडून झाल्यावर टीचरांना आपणच लहान वाटलं. बाकावर उभ्या केलेल्या मार्गारेटला निदान आपण काही वाईट केलेलं नाही एवढं माहीत होतं. इथे तेच माहीत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईच्या जखमेवर आपण बोट ठेवलं, आणि ती कळवळून गप्प झाली, असंही असू शकत होतं. रीत आपली खरी, पण ती सगळ्या जगाला लागू आहे असं कोणी सांगितलं?

फोन आला तो दिवेलागणीच्या आधी, चहाच्या वेळेला. ब्रेंडा शिफ्टला निघायच्या तयारीत होती. कंपनीची गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिने फोन उचलला, सवयीने कॉल सेंटरच्या आवाजात 'हॅलो' म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला.

"मम्मी. आयलीन."

टीचरांनी हात पदराला पुसले. फोनवर इंग्रजी त्या कधी बोलल्या नव्हत्या. लिहिताना निदान थांबता येतं, खोडता येतं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ब्रेंडाने पुढे होऊन दोघींना ऐकू येईल असं स्पीकरचं बटण दाबलं.

आयलीनचा आवाज बारीक होता आणि उच्चार गावाकडचे, खाऱ्या वाऱ्याचे. तिने कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. ती म्हणाली, की तू विचारलंस कसा गेला, तर सांगते. आणि तिने सांगायला सुरुवात केली.

टीचरांना त्यातलं निम्मं समजत होतं. सकाळ समजली. चहा समजला. वॉल्टर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला, हे समजलं. मधेच आयलीन थांबली, की टीचर म्हणायच्या, "देन?" गोष्ट ऐकताना आपण 'मग?' म्हणतो, तेच. आणि प्रत्येक 'देन?' सरशी आयलीन एक पाऊल पुढे जायची. बाहेर हॉर्न वाजला. ब्रेंडा खिडकीतून हातानेच ड्रायव्हरला थांब म्हणाली.

मग आयलीनचा आवाज खाली गेला आणि शब्द एकात एक अडकले. टीचरांनी मुलीकडे पाहिलं. ब्रेंडा रडवेली झाली होती.

"काय म्हणाली?"

"तू विचारलं होतंस ना, जवळ कोण बसलं होतं? ती म्हणते, कोणी नव्हतं." ब्रेंडाने डोळे पुसले. "ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होती. त्याने हाक मारली बहुतेक. तिला वाटलं, चहासाठी. ती म्हणाली, एक मिनिट. मम्मी, ती तुला लिहीत होती. तिने हे कोणालाच सांगितलेलं नाही. मुलांनाही नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणते."

फोनमधून नुसता श्वास येत होता. ब्रेंडाने तोंड उघडलं. रोज रात्री शंभर वेळा म्हणायचं ते वाक्य तिच्या ओठांवर आलं असणार, पण ते बाहेर पडलं नाही. आणि टीचर? प्रश्न टोचला का, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. तो जाऊन नेमका लागायचा तिथेच लागला होता, आणि त्या बाईने तो हृदयात तसाच घेऊन इतके आठवडे काढले होते. त्यांना वाटलं, रिसीव्हर मुलीच्या हातात द्यावा, काहीतरी गोड, पूर्ण, बिनचूक बोलायला सांगावं. पण समाचाराला गेलेलं माणूस अर्ध्यावर उठत नाही.

त्या पुढे वाकल्या आणि आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "आयलीन. व्हॉट यू वॉज रायटिंग?"

तिकडून नाक पुसल्याचा आवाज आला, आणि आयलीन हळूहळू सांगू लागली. लेसचं काही नव्हतं. त्या सकाळी वॉल्टरने चष्मा न लावता चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आणि हट्टाने शेवटच्या घोटापर्यंत पिऊन चहा झकास झालाय म्हणाला होता, ते ती मार्गारेटला लिहीत होती. वाक्य अर्धं राहिलं होतं. ते तिने आता पुरं केलं.

टीचरांना मीठ समजलं, झकास समजलं. त्या हसल्या. तिकडे आयलीनही हसली, आणि हसता हसता दोघी रडू लागल्या, एक गासमध्ये आणि एक तिकडे समुद्राकाठी. ब्रेंडाने बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, की आज मी येत नाही, आणि ती परत येऊन आईजवळ जमिनीवर बसली.